नातीचं तेल आणि लेकाची नाव

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सूनबाई, लिही. मी बोलते तसंच लिही, मधे तुझं शहाणपण घालू नकोस.

आजपासून रोजनिशी ठेवायची ठरवली आहे. लोक म्हणतील, या वयात हिच्या आयुष्यात नवीन काय घडणार. माझ्या आयुष्यात काही नाही, पण घरात घडणार आहे, आणि या घरातली माणसं मला पुरती माहीत आहेत. गोष्ट जमली तर जो तो म्हणणार, मी आधीपासून सांगत होतो. फसली तरी हेच म्हणणार. तेव्हा कोण काय म्हणालं ते त्या त्या दिवशी कागदावर गेलेलं बरं. मला अक्षरओळख नाही, पण ऐकलेलं मी विसरत नाही. अक्षराचं खातं सूनबाईकडे दिलं आहे.

तर काय झालं. माझ्या लेकाची नाव आहे, नदीच्या या काठावरची माणसं त्या काठावर नेणारी. नाव शहाणी आहे, इंजिन म्हातारं आहे. सुरू झालं की माझ्यासारखं आधी खोकतं, मग काळा धूर सोडतं. मागच्या बाकावर बसलेली माणसं पलीकडे उतरेपर्यंत एकमेकांची नातेवाईक दिसायला लागतात.

आज नदीच्या कचेरीतून कागद आला. वर्ष संपायच्या आत प्रत्येक इंजिनाचा धूर मोजणार. मर्यादेबाहेर असेल त्याची नाव धक्क्याला बांधून ठेवणार. नवं इंजिन घ्यायची आपली ऐपत नाही हे कागदात लिहिलेलं नव्हतं, ते आम्हाला आधीच माहीत होतं. लेकाने कागद वाचला, घडी घातली आणि "बघू" म्हणाला. माझ्या लेकाचं "बघू" म्हणजे तो काही बघणार नाही, नुसती काळजी करणार. नावेवाचून हा माणूस काय करेल याची कल्पना मला करवत नाही. जमिनीवर तो चालतोसुद्धा बिचकत.

तेवढ्यात माझी नात म्हणाली, "बाबा, इंजिन राहू द्या. इंधन बदलू." ही कॉलेजात रसायन शिकली, आता तिथल्याच प्रयोगशाळेत नोकरी करते.

"बदलून काय घालू?"

"तळून उरलेलं तेल. त्याचं डिझेल करता येतं."

मी म्हटलं, "मग तळायला काय घ्यायचं, डिझेल?" सूनबाई तेवढी हसली. लेक जेवण टाकून उठून गेला.


१५ नोव्हेंबर, शुक्रवार

परसातली लाकडांची शेड बारकीने ताब्यात घेतली. बारकी म्हणजे नातच. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून मीच हे नाव ठेवलं. आता दारातून वाकून येते, पण नाव काही वाढलं नाही.

धक्क्यावरच्या खानावळीतून डबे भरभरून काळं तेल आणलं. वास असा सुटला की शेजारीण कुंपणावरून विचारायला लागली, "आज काय तळताय?" म्हटलं, "होडी."

आधी तेल तापवून त्यातलं पाणी उडवलं. मग जुन्या चादरीतून गाळलं. मग थोडंसं बाजूला काढून त्यात थेंब थेंब काहीतरी टाकत बसली. गुलाबी रंग धरला की थांबायचं. "जितकं जास्त तळलेलं, तितकं आंबट, आजी. तितकं त्याला औषध जास्त." औषध म्हणजे साबणवाले वापरतात तो कॉस्टिक सोडा, आणि एक स्पिरिट, जे म्हणे पोटात गेलं तर माणूस आंधळा होतो. ते घालताना हिने चष्मा चढवला, हातमोजे घातले, दारं उघडी टाकली आणि मला अंगणाच्या टोकाला खुर्चीवर नेऊन बसवलं, जशी काही मीच पेट घेणार होते.

हे काल संध्याकाळी. आज सकाळी पिंपात दोन थर. वर मधासारखं सोनेरी, खाली काकवीसारखं काळं.

"खालचं साबणाच्या कामाचं, वरचं आपल्या कामाचं," बारकी म्हणाली.

म्हटलं, "साबणाचा धंदा काढतेय असं सांगितलं असतंस तर बापाने जेवण अर्धवट टाकलं नसतं."


२१ नोव्हेंबर, गुरुवार

आजचं लिहू नको असं मनात आलं होतं. पण मग बाकीच्यांच्या चुका तरी कोणत्या तोंडाने लिहवू?

त्या सोनेरी तेलात साबणाचा आणि सोड्याचा अंश उरतो, तो पाण्याने धुवावा लागतो. बारकी कामावर जाताना म्हणाली, "आजी, झारीने वरून हलकं पाणी शिंपड आणि गप्प बस. पाणी आपलं आपण खाली जातं, जाताना घाण घेऊन जातं. हात लावू नकोस."

आता जन्मभर मी कपडे धुतले, भांडी धुतली, पोरं धुतली. नुसतं शिंपडून काय स्वच्छ होतं? पोरगी अंगचोर आहे असं मी ठरवलं, धुण्याचं दांडकं घेतलं आणि दंड भरून येईपर्यंत घुसळलं. पाहते तो सोनेरी रंग गेला आणि पिंपात फिकट पिवळी दाट साय झाली. मला वाटलं, किती छान फुललं.

संध्याकाळी बारकीने पिंपात डोकावून पाहिलं.

"आजी, हे तू केलंस?"

"मी नाही, दांडक्याने."

ती पिंपाला पाठ लावून खाली बसली. तिने आरडाओरडा केला असता तर मलाही दोन शब्द ऐकवता आले असते. पण तिने नुसतं सांगितलं: साबण, पाणी आणि तेल एकत्र घुसळलं की ते एकमेकांना सोडत नाहीत. आता कोमट मिठाचं पाणी घालायचं आणि वाट बघायची. मी दर थोड्या वेळाने जाऊन बघत होते. "बसलं का गं खाली?"

"आजी, तू एका जागी बसलीस तर तेही बसेल."

माझी नात आहे, शंका नको.


२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सुटलं एकदाचं. पाणी खाली, तेल वर. मग मंद आचेवर उरलंसुरलं पाणी उडवलं. बाटलीच्या मागे वर्तमानपत्र धरून अक्षर वाचता आलं तर तेल कोरडं, असं बारकी म्हणते. मला ती परीक्षा बाद. मी मागे माझाच हात धरला. सगळ्या सुरकुत्या मोजून घ्या इतक्या साफ दिसल्या. तेल पास, हात नापास.

आज तिने मला सगळं समजावून सांगितलं, आणि मी न भांडता ऐकलं, हेही लिही. तीन नळ्यांमधे तीन तेलं घेतली आणि प्रत्येकीत एक छोटी गोळी सोडली. तळणीच्या तेलात गोळी सोमवारी कामावर निघालेल्या माणसासारखी रमतगमत खाली गेली. डिझेलमधे झटकन. हिच्या तेलात डिझेलहून जराशी उशिरा. "इंजिनात तेलाचे बारीक तुषार उडावे लागतात, आजी. तेल जाड असलं की तुषार मोठे पडतात, ते अर्धवट जळतात आणि उरतं त्याचा धूर होतो. म्हणून आधी तेल पातळ करायचं." शिवाय या तेलाच्या पोटात स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे जळताना ते डिझेलसारखं घुसमटत नाही. आणि पेटायला जास्त तापावं लागतं, म्हणजे नावेत ठेवायला डिझेलपेक्षा कमी धोक्याचं. हे सगळं ऐकताना माझी मान आपोआप ताठ होत होती. मला त्यातलं निम्मं कळलं, पण निम्मंसुद्धा या गल्लीत दुसऱ्या कुणाला कळत नाही.

एकच खोड आहे. गारठ्यात ते ढगाळतं. बघायला म्हणून हिने बाटल्या फ्रीजमधे नेऊन ठेवल्या, दुधाशेजारी. सूनबाईने पाहिलं आणि आरडाओरडा केला नाही. फक्त प्रत्येक बाटलीवर कवटीचं चित्र काढून चिकटवलं. म्हटलं, हे कशाला? म्हणाली, "तुमच्यासाठी, आई."

लिही, लिही, हेही लिही.


५ डिसेंबर, गुरुवार

जेवताना भडका उडाला.

"माझं इंजिन म्हणजे कढई नाही," लेक म्हणाला.

"बाबा, ते आता कढईतलं तेल राहिलेलं नाही. डिझेलमधे मिसळून घालायचं. मी सगळं तपासलंय."

"बाटलीत तपासलंयस. मधोमध बंद पडलं तर? नाव भरून माणसं असतात. माझ्या भरवशावर बसलेली असतात ती, तुझ्या बाटलीच्या नाही."

"आणि धूर? तो कुणाच्या छातीत जातो? सगळ्यात जास्त तुमच्या."

त्यावर याला नेमका खोकला आला. बराच वेळ थांबेना. बारकीने पाणी पुढे केलं, याने घेतलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाला, "पाच भागात एक भाग. तेसुद्धा रिकाम्या नावेत."

हट्टी आहे. बापावर गेलाय, माझ्यावर नाही. बारकी कामावर गेली की हा हल्ली शेडमधे जातो. पिंपाची तोटी गळते का ते बघायला जात असणार, दुसरं काय. आज बराच वेळ तोटी बघत होता. बाहेर आला तेव्हा बोटांना तेल लागलेलं होतं आणि ते तो चिमटीत घोळवत उभा होता. एरवी जरा हात चिकट झाला की फडकं मागतो.

तिथे भिंतीवर बारकीने कसलेसे छापील कागद लावले आहेत. त्यांच्यातही तोंड खुपसून उभा असतो. पोरीने भिंत खराब केली म्हणून चिडला असेल.


७ डिसेंबर, शनिवार

चाललं. रिकामी नाव त्या काठाला जाऊन आली. धूर काळ्याचा करडा झाला आणि वास तळलेल्या बटाट्यांचा. काठावरची माणसं भुकेली होऊन घरी गेली. लेक म्हणाला, सोमवारपासून माणसं घेऊन हेच चालवू.


९ डिसेंबर, सोमवार

बंद पडलं. भर नदीत, नाव भरलेली असताना.

मी धक्क्यावरून पाहिलं. इंजिनाचा आवाज अडखळला, पुन्हा आला, मग थांबला. आवाज थांबल्यावर नदी किती मोठी वाटते. नाव प्रवाहाबरोबर आडवी जायला लागली. लेकाने बांबू टाकून पाहिला, तळ लागेना. शेवटी वाळू वाहणाऱ्या एका मोठ्या पडावाने दोर टाकला आणि ओढत आणली. कुणाला काही झालं नाही.

पण उतरताना लोकांनी सोडलं नाही. "मीठ कमी पडलं असेल," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "उद्यापासून डबा आणायला नको, इंजिनाशेजारी बसलं की झालं." धक्क्यावरचा इंजिनांचा मेस्त्री, ज्याला सगळे पाना म्हणतात, तो कमरेवर हात ठेवून उभाच होता. "मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं." सूनबाई, लिहून ठेव. पहिल्या दिवशी तो काहीही म्हणाला नव्हता. पहिल्या दिवशी त्याला माहीतच नव्हतं.

लेकाने नाव बांधली आणि कुणाकडे न बघता घरची वाट धरली.


१० डिसेंबर, मंगळवार

बारकीने नावेचा फिल्टर काढून आणला आणि स्वयंपाकघरात ताटात ठेवून चिरला. आतून डांबर.

"ही घाण माझ्या तेलातली नाही," ती म्हणाली. "डिझेलचा गाळ आहे. टाकीच्या तळाला, भिंतींना वर्षानुवर्षं बसलेला. डिझेल त्याला हलवत नाही. माझं तेल तो सोडवतं आणि पुढे ढकलतं. तो इथे येऊन अडकला."

पाना चहाला आला होता. तो म्हणाला, "म्हणजे तेल चांगलं म्हणून नाव बंद पडली?"

"नाही. मी टाकी आधी साफ करून घेतली नाही म्हणून बंद पडली. हे मला माहीत असायला हवं होतं." आणि मग बापाकडे वळून, "बाबा, चूक माझी आहे."

एवढं कबूल केल्यावर तरी बापाने काही बोलावं की नाही? नाही. याने तो चिरलेला फिल्टर उचलला, उजेडात धरून पाहिला, कागदात गुंडाळला आणि घेऊन गेला. फेकायला नेला असणार.

बारकीने रात्रीचं जेवण टाळलं. मी शेडकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, आता इथे पुन्हा लाकडं येणार.


१२ डिसेंबर, गुरुवार

लेक रुसला आहे. आज फेऱ्या बंद ठेवल्या, पहाटेच गेला तो संध्याकाळी आला. खांद्यापर्यंत काळाकुट्ट, केसांत काळं, कानांत काळं. कुठे लोळून आला देव जाणे. साबणाची वडी संपवली तरी नखं काळी ती काळीच. कुणाशी बोलला नाही, जेवला आणि झोपला.

मी सूनबाईला म्हटलं, तुझ्या नवऱ्याला सांग, लेकीवर राग धरायचं वय नव्हे हे. ती लिहितालिहिता हसतेय. काय गं, हसतेस का? "काही नाही, आई," म्हणते. यांना घरात काय चाललंय याची काही पडलेली नाही. सगळी काळजी मलाच.


१६ डिसेंबर, सोमवार

लेक जेवताजेवता म्हणाला, "किती तयार आहे?"

बारकीला कळलं नाही. "काय?"

"तुझं ते. तेल."

"पिंपभर आहे. पण बाबा, टाकी..."

"टाकी धुतली. रबरी नळ्याही काढल्या, दुसऱ्या घातल्या. तुझं तेल साध्या रबराला फुगवतं ना. जास्तीचे फिल्टर आणून ठेवलेत. पहिले काही दिवस उरलेला गाळ येत राहील, बदलत राहू." आणि पुन्हा जेवायला लागला, जसं काही भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलला होता.

रबराचं याला कुणी सांगितलं कोण जाणे. बारकी त्याच्याकडे बघतच राहिली. मी मात्र ओळखलं. परवा मी याला चांगलं खडसावलं होतं, ते लागू पडलं. सूनबाई म्हणते, "हो आई, तुमच्यामुळेच." ती सहसा इतकी पटकन कबूल होत नाही.


१९ डिसेंबर, गुरुवार

आजचा दिवस मोठा लिही.

आता तेल निम्मं आणि डिझेल निम्मं चालतं. धूर किती कमी झाला ते मी शोधून काढलं. इंजिनाच्या नळकांड्यासमोर पांढरं फडकं धरायचं, आधीचं आणि आताचं शेजारी शेजारी ठेवायचं. डागाची पारख या घरात माझ्याइतकी कुणाला नाही. आधीचं फडकं कोळशाचं, आताचं पावसाळी ढगाचं.

मी खूश. बारकी खूश नाही. कॉलेजातून मागून आणलेलं यंत्र नळकांड्याला लावून बसली होती. म्हणाली, "धूर उतरलाय, पण दुसरा एक वायू चढलाय. डोळ्यांना दिसत नाही, छातीला कळतो. इंजिनात तेल उडवणारी पिचकारी असते, तिच्यातून माझं तेल किंचित लवकर सुटतं, त्यामुळे आत जास्त तापतं आणि हवेतला नायट्रोजन जळतो."

"मग?" लेक म्हणाला.

"मग पिचकारी जराशी उशिरा उडायला हवी. पण फार उशीर केला तर धूर परत येईल आणि जोर जाईल."

लेकाने इंजिनाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "पंपाखाली चकत्या असतात. पत्र्याच्या. एक वाढवली की उशीर होतो."

"मला माहीत आहे. पण मला त्या घालता येत नाहीत."

"आणि मला तुझं यंत्र वाचता येत नाही."

मग दिवसभर हेच चाललं. याने पंप सोडवायचा, पातळ चकती घालायची, बसवायचा, इंजिन सुरू करायचं. तिने आकडा सांगायचा. याने कान लावायचा आणि म्हणायचं, "दमतंय." पुन्हा सोडवायचा. ती म्हणायची, "अजून थोडं." हा म्हणायचा, "थोडं म्हणजे केवढं? नखाएवढं की केसाएवढं?" ती म्हणायची, "नख आणि केस यांच्या मधलं." आणि याला ते कळायचं.

मी धक्क्यावर खुर्ची टाकून बसले होते. दोघांच्या तोंडून चकती, वायू, पाना, फडकं याखेरीज एक शब्द निघाला नाही. लहानपणी ही याच्या मांडीवर बसून सुकाणू धरायची, तेव्हासुद्धा दोघं इतकं बोलत नव्हती. ऊन उतरताना तिने आकडा सांगितला आणि याने इंजिनावर तळहात ठेवला, आजारी माणसाचा ताप बघतात तसा. "इथेच ठेवू," म्हणाला.

"मी तेच म्हणणार होते," ती म्हणाली.


२३ डिसेंबर, सोमवार

गारठा पडला. सकाळी पिंपातलं तेल ढगाळलेलं. असं तेल फिल्टरमधे अडकतं, म्हणजे पुन्हा तेच, भर नदीत. आणि धूर मोजायला माणूस येणार आठवड्याभरात. तेल कमी घातलं तर चालेल, पण मग धूर मर्यादेत बसणार नाही.

खानावळवाला तळायला गोठणारं तेल वापरतो, त्याचा हा दोष. बारकी म्हणते, सूर्यफुलाचं तळणीचं तेल मिळालं तर गारठा सोसेल. ते वापरतात इस्पितळाच्या स्वयंपाकघरात. बारकी तिथे विचारून आली. तिथली मुख्य बाई म्हणाली, "मला असली झंझट नको," आणि दार लावून घेतलं. लेकही गेला होता, त्यालाही तेच.


२५ डिसेंबर, बुधवार

दारात सूर्यफुलाच्या तळून उरलेल्या तेलाचे डबे. भरलेले. इस्पितळातल्या बाईचं मन आपोआप वळलेलं दिसतं. काही लोकांना उशिरा अक्कल येते, पण येते.

सूनबाईच्या तळव्यांवर लाल वळ उठलेत. म्हटलं, किती भांडी घासतेस गं, एवढी जड नको उचलत जाऊ. आज अक्षर तिरकं येतंय म्हणाली.


२८ डिसेंबर, शनिवार

नवं तेल झालं. मी झारीने नुसतं पाणी शिंपडलं. हात मांडीखाली दाबून बसले होते. सकाळच्या गारठ्यात बाटली काचेसारखी साफ राहिली.

संध्याकाळी मात्र पुन्हा कुरबुर. बारकीला तपासनीसाकडून तो दुसरा वायूही मोजून घ्यायचा आहे. लेक म्हणाला, "कागदात फक्त धूर आहे. न मागितलेलं कशाला दाखवायचं? चढलेला निघाला आणि त्यावरून अडवलं तर? नाव जाईल."

"कॉलेजचं यंत्र जुनं आहे, बाबा. मला खात्रीने माहीत नाही. आणि चढलेला असेल तर मी धूर कमी नाही केला, फक्त दिसेनासा केला."

"नाव माझी आहे."

"हो. तुमची आहे. तुम्ही नको म्हणाल तर मी बोलणार नाही."

हे शेवटचं वाक्य मला नवीन होतं. मी तिची आजी, मी असते तर बोललेच असते. लेक बराच वेळ नखांकडे बघत बसला. अजून काळी आहेत थोडी. माझंही मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला ते द्यायचं अवघड गेलं असतं, हे फक्त कागदाला सांगते.


३१ डिसेंबर, मंगळवार

काल तपासणी झाली. काल लिहिलं नाही, कारण काल कुणालाच बसवत नव्हतं.

तपासनीस म्हणजे बारीकसा, सर्दी झालेला माणूस. आधीच्या दोन नावा त्याने धक्क्याला बांधायला लावल्या होत्या, त्या नाववाल्यांचे चेहरे बघवत नव्हते. आमची नाव माणसांनी भरून नदीत काढली, कारण ओझं ओढताना धूर मोजायचा असतो. मी उतरायला नकार दिला. म्हटलं, ओझं हवंय ना, मी आहे.

इंजिन जोरात धरलं. तपासनीसाने नळी लावली, यंत्रात पांढऱ्या कागदाची चकती घातली, धूर ओढून घेतला. काढली, पाहिली, पुन्हा घातली. बारकी ओठ चावत उभी. लेक सुकाणूवर, समोर बघत, जसं काही नदी आज पहिल्यांदाच पाहतोय.

"मर्यादेच्या बराच आत आहे," तपासनीस म्हणाला आणि शिंकला. "काय घालता?"

कुणी उत्तर द्यायच्या आत तो कागदावर शिक्का मारून पेटी आवरायला लागला. झालं. नाव वाचली. मी बारकीकडे पाहिलं. ती हसत होती, पण पुरतं नाही. बोलणार नाही म्हणाली होती, बोलली नाही.

तेवढ्यात लेकाने सुकाणूवरून मान वळवली. "साहेब, तो दुसरा वायूही मोजा. नायट्रोजनचा."

तपासनीस थांबला. "नियमात नाही तो."

"माझ्या मुलीच्या नियमात आहे."

त्या माणसाने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, मग पेटी पुन्हा उघडली. दुसरी नळी लावली. त्यात एवढा वेळ गेला की मला वाटलं नदी संपेल. त्याने आकडा सांगितला. मला आकड्यातलं काय कळतं, मी बारकीचं तोंड बघत होते. ती पुटपुटली, मनात काहीतरी वजा केलं आणि मग बापाला म्हणाली, "निव्वळ डिझेलवर होता त्याहून वाढलेला नाही. किंचित खालीच आहे."

"केसाएवढा?" लेक म्हणाला.

"नखाएवढा."

लेकाने मान हलवली आणि समोर बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वारा समोरून होता, त्याने आलं असणार.

तपासनीस काठावर उतरला आणि नाव कामावर लागली. कामावरून परतणारी माणसं चढली, पिशव्या, सायकली, कुणाची कोंबडी. मी मुद्दाम मागे बसले. आता बोलतील, आता बोलतील म्हणून कान टवकारले होते. माणसं साहेबाला शिव्या देत होती, पोराच्या परीक्षेचं बोलत होती, एकजण तर डुलक्या काढत होता. धूर नाही असं एकानेही म्हटलं नाही. एकाच्याही लक्षात आलं नाही. मला इतका राग आला.

बारकीला म्हटलं, "बघ गं, कुणाला पत्ता तरी आहे का?"

"आजी, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणूनच केलं ना सगळं," ती म्हणाली. आणि खरंच खूश दिसली.

असेल तसं. ती शिकलेली आहे, तिला पटतं. मला पटलं नाही. नाव पलीकडे लागल्यावर मी सगळ्यांच्या आधी उठले, फळीच्या तोंडाशी उभी राहिले आणि उतरणाऱ्या एकेका माणसाला अडवून सांगितलं, हे इंजिन कशावर चाललंय आणि ते तेल कुणी केलंय. डुलक्या काढणाऱ्याला उठवून सांगितलं. परतीची फेरी पार उशिरा सुटली. लेक सुकाणूला टेकून उभा होता. एरवी वेळेवरून साऱ्या धक्क्याला धारेवर धरतो, काल मला एकदाही आटप म्हणाला नाही.